डिस्कमधला जिना

राजेंद्रसाहेबांनी आधी माऊसचं बटण दाबलं आणि मग पडद्यावर काय लिहिलंय ते वाचायला चष्मा शोधला. सुकेशनीनं हे शेजारी उभं राहून डोळ्यांनी पाहिलं. पुढं कोणी काहीही म्हणो, क्रम तिच्या मनात पक्का होता: आधी बोट, मग चष्मा. साहेब सोसायटीचे सेक्रेटरी. जिन्यातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण ज्या डब्यात साठतं त्याचा पडदा दिवाळीपासून बंद होता, म्हणून त्यांनी डब्यातली हार्ड डिस्क उपसून आपल्या घरच्या कॉम्प्युटरला जोडली होती. कॉम्प्युटरनं डिस्क ओळखली नाही. ही नव्यानं तयार करायची का, असं त्यानं इंग्रजीत विचारलं, आणि वरून आलेल्या इंग्रजी कागदांना मान डोलावण्यात उभी नोकरी काढलेल्या त्या माणसानं त्यालाही ओके म्हणून टाकलं. मग चष्मा सापडला. "कोरी दिसतेय हो," ते म्हणाले. "काहीच नाही हिच्यात." त्यांच्या आवाजात तिला जी सुटका ऐकू आली ती खरी होती की तिच्याच कानांची करामत, हे तिला त्या दिवशी ठरवता आलं नाही आणि नंतरही नाही. "जाऊ द्या ना ताई," ते म्हणाले, "तुमचं नाव कोणी घेतलंय का?"

हीच तर गोम होती. नाव कोणी घेतलं नव्हतं. घेतलं असतं तर सुकेशनी भांडली असती, आणि भांडणात तिचा हात धरणारा माणूस कन्नडच्या गाडीत अजून चढला नव्हता. एसटीत कंडक्टर म्हणून सुट्या पैशांवरून, खिडकीवरून, मिसरूड फुटलेल्या पोराच्या अर्ध्या तिकिटावरून ती रोज भांडायची आणि दौलताबादचा किल्ला दिसायच्या आत जिंकायची. पण इथं भांडायला समोर कोणी येतच नव्हतं. झालं होतं एवढंच, की गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडं राहिलं आणि आत कबुतर पडून मेलं. शहराच्या कडेच्या या सातारा परिसरात नळाचं पाणी येणार येणार म्हणता म्हणता लोकांची पोरं लग्नाला आली, तिथं टँकरनं भरलेली आख्खी टाकी गटारात सोडावी लागली. झाकण कोणी उघडलं, कोणालाच माहीत नव्हतं. फक्त बायका जिन्यात घोळक्यानं बोलायच्या आणि ती चढताना दिसली की मेथीच्या जुडीवर यायच्या. "गच्चीवर वरच्यांचंच येणंजाणं असतं," एवढं एक वाक्य तिच्या कानावर पडलं, तेही पाठमोरं. वरच्या मजल्यावर दोनच घरं. एकाचा मालक दुबईत, दाराला कुलूप. राहिलं कोण ते कळायला कुठल्या शाळेत जायची गरज नव्हती. सगळ्या इमारतीत पंचशीलाचा झेंडा लावलेली बाल्कनी एकच होती, तीही तिचीच.

पण तिला खरं टोचलं ते वेगळंच. लीलाबाई पहिल्या मजल्यावरच्या, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, गुडघे गेलेल्या, बोलायला गोड. ड्यूटीवरून आल्यावर "दमलीस का गं" असं विचारणाऱ्या अख्ख्या इमारतीत त्या एकट्या. टाकी घासून झाली त्या दिवशी त्यांनी तिला जिन्यात थांबवलं आणि लोणच्यात किती मीठ घातलं ते सांगावं अशा सुरात सांगितलं, "आगं, म्या थोडं गोमूत्र टाकलं बरं का टाकीत. आता काई चिंता नाय. समद्यांच्याच भल्याचं." सुकेशनी "बरं" म्हणाली. वर आली, कुलूप उघडलं, तिकिटांची पिशवी ठेवली, नळ सोडून हात पुढं केले आणि तशीच उभी राहिली. पाणी बोटांवरून जात होतं. टँकरच्या पाण्याचा एक एक तांब्या मोजून वापरणारी बाई ती, पण नळ बंद करायचं तिला सुचेना. ती इथं राहायला यायच्या आधी याच टाकीत एक खार मेली होती. हेही लीलाबाईंनीच कधीतरी सांगितलेलं. तेव्हा दोन मुठी ब्लीचिंग पावडर टाकली आणि लोक पाणी प्यायला लागले. खारीला पावडर पुरली. मग या वेळी पावडरीनं न जाणारं असं काय होतं पाण्यात? तिनं हात नाकाजवळ नेले. कशाचाच वास येत नव्हता. वास आला असता तर बरं झालं असतं, निदान काहीतरी आहे म्हणता आलं असतं.

म्हणून ती कॅमेऱ्यामागं लागली होती. जिन्याच्या शेवटच्या वळणावरचा कॅमेरा गच्चीच्या दाराकडं तोंड करून होता, त्यात तिचं दारही यायचं. गच्चीवर कोण गेलं ते त्यानं पाहिलेलं असणार. आणि आता साहेब म्हणत होते, कोरी. तिनं कॉम्प्युटरच्या मागं हात घालून वायर उपटली. "ताई, सोसायटीची वस्तू आहे ती!" "कोरी हाय ना? मग कोऱ्या डिस्कचं काय लोणचं घालता?" असं म्हणून ती डिस्क पिशवीत टाकून चालू लागली. जिना ती दोन दोन पायऱ्या घेत चढली. ही भीती नव्हे, संताप आहे, हे तिनं स्वतःला प्रत्येक मजल्यावर बजावलं. तिचा नवरा बन्सी वाळूजच्या कंपनीतून आला, जेवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सोड की. लई ताणू नको. राहायचंय आपल्याला हितं." बन्सी चांगला माणूस. चांगल्या माणसांचं हेच असतं, ती कायम सोडायला सांगतात, आणि सोडायचं ते कायम आपल्यालाच असतं. "राहायचंय म्हणूनच," ती म्हणाली, आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

दुसऱ्या दिवशी डिस्क तिच्याबरोबर कन्नडला जाऊन आली. खड्डा आला की तिचा हात आपोआप पिशवीवर जायचा, पोटुशी बाई पोटावर नेते तसा. गाडीत गर्दी होती, बाजाराचा दिवस. लोक तिच्या हातावर पैसे ठेवत होते, तिच्या हातातून तिकीट घेत होते, कोणाला कसली शुद्धी आठवत नव्हती. गाडीत कोणाचं अंग कोणाला लागलं हे विचारायला जागाच नसते. वेरूळचा चढ लागला तशी तिला आई आठवली. गीताबाई. गावात हापसा नवा नवा बसला तेव्हा सुकेशनी शेंबडी पोर होती. हापसा सरकारी, म्हणजे सगळ्यांचा, असं ग्रामसेवक सांगून गेला. पण गीताबाईनं पाणी भरलं की मागची बाई राख घेऊन दांडा घासायची, आणि मगच हात लावायची. चार दिवस गीताबाईनं हे पाहिलं. पाचव्या दिवशी ती घरूनच राखेचं टमरेल घेऊन गेली. आपला नंबर आला तशी भरायच्या आधी तिनं दांडा घासायला घेतला, वरून खाली, खालून वर, सावकाश. "आवं, हे काय नवीन?" कोणीतरी विचारलं. "कोणाकोणाचे हात लागल्यात, म्हाईत नाय," गीताबाई म्हणाली, "आमच्याकडं चालत नाय." मग रोज दोन्हीकडून राख. एकीनं घासायचा, दुसरीनं घासायचा. दांडा चांदीसारखा लखलखायला लागला आणि पाण्याची रांग इतकी लांबली, की उन्हानं करपलेल्या बायकांनी आपणहून राख बंद केली. आई घरी येऊन हसायची. पण हसता हसता तिच्या गळ्याची शीर ताठलेली असायची, हे सुकेशनीला तेव्हा दिसलं होतं आणि कळलं नव्हतं. आईकडं निदान दांडा होता. समोर राख घेऊन उभी असलेली बाई होती. लेकीच्या वाट्याला काय, तर गोड बोलणं आणि बंद नळातली हवा.

पैठण गेटजवळच्या बोळात अतीकचं दुकान होतं. बिघडलेले लॅपटॉप, उघडे पडलेले मोबाईल, आणि मधे दाढी खाजवत बसलेला अतीक. त्यानं डिस्क जोडली, भुवया वर केल्या. "इसपे इनिशिअलाइज कौन मारा?" "सेक्रेटरीनं." "हौ, सब ऐसेच करते. पूछा की ओके, पूछा की ओके. निकाह में बी इत्ता जल्दी कबूल नहीं बोलते लोगां." मग तो तिला समजावू लागला, निम्मं त्याच्या बोलीत, निम्मं मराठीत. डिस्कच्या अगदी सुरुवातीला एक छोटी जागा असते, पार्टिशन टेबल म्हणतात तिला. कुठून कुठपर्यंत काय ठेवलंय ते तिथं लिहिलेलं असतं. साहेबांच्या ओकेनं तेवढीच जागा खराब झाली. ती वाचता आली नाही की कॉम्प्युटर म्हणतो, डिस्क कोरी. "झूट बोलता वो. माल अंदरच है, आपा. जैसा का तैसा." सुकेशनीनं त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं. "काहीच पुसलं नाय?" "कुछ बी नहीं पुंछा. बस, अब इसके ऊपर कुछ लिखने का नक्को. पहले पूरी की पूरी कॉपी करेंगे, फिर कॉपी पे काम. असली कू हात नहीं लगाना." तिला त्या काळ्या, तळहाताएवढ्या वस्तूबद्दल एकदम माया वाटली. इतक्या जणांनी कोरी म्हटलं तरी आतलं आत धरून बसलेली.

कॉपी व्हायला दिवस गेला, त्यातून चित्रण उकरून काढायला आणखी एक. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ती दुकानात जाऊन स्टुलावर बसली. अतीक म्हणाला, क्लिपा निघाल्यात पण नावं गेलीत, क्रम गेलाय, जे जसं सापडलं तसं. तारीख चित्राच्या कोपऱ्यात आहे, ती बघून लावून घ्या. आणि तो एका लॅपटॉपचं पोट फाडायला बसला. तिच्यासमोर जिना उलगडत गेला, तिचाच जिना, पण कोणीतरी पत्ते पिसल्यासारखा. मंगळवार, मग त्याच्या आधीचा शुक्रवार, मग पुन्हा मंगळवारची सकाळ. बन्सी कुलपाशी झटतोय. बन्सीच्या डोक्यावर टक्कल पडतंय, हे तिला समोरून कधी दिसलंच नव्हतं. दूधवाला. मांजर. मग खाकी कपड्यातली एक बाई वर येते, खांद्यावर पिशवी, एका बाजूला झुकलेली. ही इतकी झुकून चालते? ती बाई दारापाशी येते, किल्ली काढते आणि थांबते. काहीच करत नाही. मान किंचित जिन्याकडं वळलेली. किल्ली हातात, दार समोर, आणि ती उभी. मग कुलूप उघडून आत जाते. पुढच्या क्लिपमधे, वेगळ्या तारखेला, पुन्हा तसंच. त्याच्या आधीच्या आठवड्यात, तसंच. सुकेशनीनं क्लिप मागं नेऊन पाहिली, पुन्हा मागं नेली. ती ऐकत होती. रोज घरात शिरायच्या आधी, खाली आपल्यामागं कोण काय बोलतंय ते ऐकत उभी राहत होती, आणि हे तिचं तिलाच माहीत नव्हतं. कबुतर परवाचं. हे उभं राहणं त्याच्या आधीपासूनचं होतं. तिला लाज वाटली, आणि लाज वाटली याचा भयंकर राग आला. भर गाडीत पन्नास माणसांना आवाजानं गप्प बसवणारी बाई, स्वतःच्या घराच्या दारात चोरासारखी! ही सवय तिला कोणी लावली? नाव कोणी घेतलं नव्हतं म्हणे. नाव न घेता लावली.

मग लीलाबाई आल्या. कठडा धरून एक एक पायरी, दोन्ही पाय एका पायरीवर आणत. सुकेशनीच्या दाराबाहेर बूट घालायला प्लास्टिकचं स्टूल ठेवलेलं असतं, त्यावर बसल्या. पदरानं तोंड पुसलं. मांडीवर छोटी बाटली. थोडा दम खाऊन उठल्या आणि गच्चीच्या दारातून बाहेर गेल्या. कोपऱ्यातली तारीख टँकरच्या दिवसाची. कबुतराच्या नंतरची असणार, असं तिला वाटलं. नव्हती. कबुतराच्या आधीची होती. तिनं पुढची क्लिप लावली, मागची लावली, दिवस जुळवत गेली. दर टँकरला लीलाबाई वर येत होत्या. दर वेळी तेच स्टूल, तोच पदर, तीच बाटली. आणि ज्या सकाळी पाण्याला वास यायला लागला तिच्या आदल्या दुपारी लीलाबाई गच्चीवर गेल्या आणि लगेच परतल्या. दोन्ही हात कठड्याला, गुडघा धरून, तोंड वेडंवाकडं झालेलं. त्यानंतर त्या दारातून कोणीच आत-बाहेर केलं नाही. सुकेशनी स्वतः त्या दिवशी कन्नडच्या फेरीवर होती. टाकीचं झाकण जड आहे. त्या गुडघ्यांना ते परत सरकवणं झालं नसणार. कबुतर मेलं म्हणून शुद्धी नव्हती. शुद्धी होती म्हणून कबुतर मेलं. तिला हसू आलं, मोठ्यांदा, अतीकनं वळून पाहिलं इतकं मोठ्यांदा. आणि हसता हसता तिच्या मनात आलं की ही डिस्क तरी काही आठवड्यांचंच धरून ठेवते, त्याच्या आधीचं आपोआप पुसत जाते. त्याच्या आधी? पहिल्या दिवशी, हिचं सामान वर चढत होतं, लीलाबाईंनी हातात साखर ठेवली होती, त्या दिवशी संध्याकाळी? अख्खं वर्षभर ती तोंड धूत होती, तांदूळ धूत होती, आईची बरसी झाली तेव्हा फोटो पुसत होती, ते त्याच पाण्यानं. आणि बाई दर वेळी दम खायला बसत होती ती हिच्याच स्टुलावर. स्टुलाचा विटाळ नव्हता, गुडघे दुखतात ना! तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. आलं असतं तर तिनं ते माघारी धाडलं असतं.

राजेंद्रसाहेबांनी या वेळी चष्मा आधीच लावला होता. तिनं आणलेल्या क्लिपा पाहून झाल्यावर ते नाकाचा शेंडा चोळू लागले. "म्हातारी बाई आहे हो, ताई. ग्रुपवर टाकू नका. बिचारीची बदनामी होईल." "आन् माझी?" "तुमचं नाव कुठं कोणी..." "तेच." ग्रुपवर टाकायचं नाही हे तिनं येतानाच ठरवलं होतं. कारण पुढचं तिला सगळं दिसत होतं. लोक आधी चुकचुकतील, मग म्हणतील, देवधर्माचं करते बिचारी, कुठं चुकलं तिचं, आणि संध्याकाळपर्यंत म्हातारीला चव्हाट्यावर आणणारी बाई म्हणून पुन्हा हीच उभी. शिवाय मी झाकण उघडलं नाही हे मी का दाखवायचं? ज्यानं विचारलंच नाही त्याला उत्तर का द्यायचं? "टाकीला कुलूप लावा," ती म्हणाली. "किल्ली माझ्याकडं राहील. ज्याला झाकण उघडायचं त्यानं वर येऊन मला मागायची." साहेब म्हणाले, असं कसं, मीटिंग घ्यावी लागेल, नियम असतात. "घ्या ना मीटिंग. मी घरचा टीव्ही खाली आणते, सगळे मिळून बघू." दुसऱ्याच दिवशी कुलूप बसलं.

बन्सी म्हणाला, "जिंकलीस की. मंग तोंड का असं?" तिला सांगता येईना. किल्ली खुंटीवर लटकत होती, जाता-येता दिसत होती. आख्ख्या इमारतीचं पाणी तिच्या खुंटीला. तिला किल्ली नको होती. तिला तो शब्द हवा होता, जो जिन्यात कोणी उच्चारत नव्हतं आणि तरी बाटलीतून टाकीत ओतला जात होता. तो एकदा कोणाच्या तरी तोंडून, तिच्या तोंडावर, उघड यायला हवा होता. मग काय करायचं ते तिनं पाहून घेतलं असतं.

टँकर आला तेव्हा तिची सुट्टी होती. पंपाचा आवाज थांबला, टाकी भरली, आणि थोड्या वेळानं दाराबाहेर ओळखीची धाप ऐकू आली. तिनं दार उघडलं. लीलाबाई स्टुलावर बसल्या होत्या, पदराआड हात. "आलीस? बरं झालं. किल्ली दे गं जरा." "कशाला?" "आगं, झाकण नीट बसलंय का बघते." "मी बसवलंय." लीलाबाई हसल्या, तेच गोड हसू. "म्हाताऱ्या माणसाला येवढं इचारतेत व्हय? दे, लगीच आणून देते." सुकेशनीनं आत जाऊन खुंटीवरची किल्ली आणली आणि उघड्या तळहातावर ठेवून त्यांच्यासमोर धरली. "घ्या. फक्त एक सांगा. पदराखाली काय हाय आन् ते कोणापायी टाकता? नाव घेऊन सांगा. मी अडवणार नाय. माझं नाव घ्या, किल्ली घ्या."

लीलाबाईंचं हसू जागच्या जागी राहिलं, पण त्याच्या खालचा चेहरा बदलला. ओठ हलले. "तसं नाय गं..." "मंग कसं?" त्यांचा हात किल्लीपर्यंत आला, हवेत थांबला, आणि मागं गेला. त्या सुकेशनीकडं बघत होत्या, आणि सुकेशनीला वाटलं, ही बाई मला पहिल्यांदाच बघतेय. मग लीलाबाई कठड्याचा आधार घेऊन उठल्या आणि खाली उतरू लागल्या. दोन्ही पाय एका पायरीवर, मग पुढची पायरी. सुकेशनी किल्ली तशीच धरून उभी राहिली. कीव येईल म्हणून तिनं वाट पाहिली, सवयीनं. बाई म्हातारी, गुडघे गेलेले, एकटी. कीव आली नाही. तिच्या जागी छाती भरून एक मोकळा, स्वच्छ राग आला, आणि तिला तो फार आवडला. ती कठड्यापाशी गेली, वाकली, आणि ज्या आवाजानं भरल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत तिकीट तिकीट म्हणायची त्या आवाजात ओरडली, "लीलाबाई! किल्ली हितंच हाय. नाव घ्यायचं धाडस झालं की या!"

खालच्या मजल्यावरचं एक दार उघडलं. त्याच्या खालचं उघडलं. एक एक करून माना बाहेर आल्या आणि वर वळल्या. सुकेशनी सगळ्यांना दिसेल अशी कठड्याला रेलून उभी राहिली.